रिंग, क्रिस्टी

रिंग, क्रिस्टी : (ऑक्टोबर १९२० – २ मार्च १९७९). विख्यात आयरिश हर्लिंगपटू. जन्म कॉर्क परगण्यातील क्लॉइन या गावी. वाकड्या लाकडी काठीने व लहान चेंडूने प्रत्येकी पंधरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा हर्लिंग हा आयर्लंडचा प्राचीन, हौशी खेळ होय; त्यामुळे रिंग उपजीविकेसाठी तेलकंपनीची मालमोटार चालवीत असे. कॉर्क संघातून त्याने १९४१ ते १९४४ अशी सलग चार वर्षे, १९४६ मध्ये व पुन्हा १९५२ ते १९५४ या काळात अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळविले. शिवाय मन्स्टर प्रांतातर्फे रेल्वे चषकाची अठरा पदके जिंकली. प्रत्यक्ष मैदानात खेळून अजिंक्यपदाची आठ पदके मिळविणारा तो पहिला खेळाडू. १९५६ च्या अंतिम सामन्यात, अखेरच्या मिनिटांत, त्याचा जोरदार फटका वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फोली याने अडविला आणि नववे पदक हुकले. सामना संपताच मात्र विजेत्या वेक्सफर्डच्याच खेळाडूंनी त्याला खांद्यांवर उचलून घेतले. नऊ पदकांचा तो टप्पा पुढे २०१२ मध्ये किलकेनीच्या हेन्री शेफ्लिनने गाठला. तथापि पराभवातही प्रतिस्पर्ध्यांकडून असा गौरव क्वचितच कोणाच्या वाट्याला आला.