नजर गेल्यावर गाणी मनाला किती साथ देतात?

पन्नाशी-साठीत काचबिंदूने किंवा मधुमेहाने नजर गेली की माणसाच्या दिवसातून एकेक गोष्ट गळायला लागते. आधी पेपर वाचणं थांबतं. मग एकट्याने रस्ता ओलांडणं, मग मोबाइलवरचे मेसेज, मग पत्त्यांचा डाव. टीव्ही चालू असतो, पण पडद्यावर काय झालं हे शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं. या सगळ्यात जवळपास तशीच्या तशी उरणारी एक गोष्ट म्हणजे गाणं. लता मंगेशकरांचा आवाज ऐकायला डोळे कधीच लागले नव्हते.

त्यामुळेच बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो: "रेडिओ लावून द्या, तेवढंच मन रमेल." हे चुकीचं नाही, पण अपुरं आहे. कोणतं गाणं, किती मोठ्याने, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि मुख्य म्हणजे कोणी निवडलेलं, यावर बरंच काही अवलंबून असतं.

नजर जाण्याचा मनाशी काय संबंध?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा लांबचं नीट दिसत नाही. त्यातल्या निदान १०० कोटी लोकांचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजूनही उपचार झालेले नाहीत. भारतात २०११च्या जनगणनेत सुमारे ५० लाख लोकांची नोंद दृष्टीचं अपंगत्व असलेले अशी झाली.

ब्रिटनमध्ये ७५ वर्षांवरच्या सुमारे १४ हजार लोकांची एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. नीट दिसणाऱ्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण ४.६ टक्के होतं, तर दृष्टी अधू झालेल्यांमध्ये १३.५ टक्के. पण या पाहणीतली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रोजची कामं करताना येणाऱ्या अडचणी हिशेबात धरल्या, तेव्हा दोन गटांमधला हा फरक बराच कमी झाला. म्हणजे माणूस खचतो त्यामागे न दिसण्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, "आता माझं मला काहीच करता येत नाही" या जाणिवेचा वाटा असतो. संगीताची मदत कुठे होऊ शकते, याचं उत्तरही तिथेच सापडतं.

गाणं ऐकताना मेंदूत काय होतं?

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना त्यांच्या आवडीचं, ऐकताना अंगावर काटा येतो असं संगीत ऐकवलं आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. आनंदाशी निगडित असलेलं डोपामाइन हे रसायन त्या वेळी मेंदूत स्रवताना दिसलं. गंमत म्हणजे ते दोन टप्प्यांत स्रवलं: आवडती जागा येण्याच्या थोडं आधी, नुसत्या चाहुलीने, आणि प्रत्यक्ष ती जागा आल्यावर. गायक समेवर कसा येणार हे ठाऊक असूनही सम आली की मान आपोआप डोलते, त्यामागचं कारण बहुधा हेच. इथे संगीत ज्याने त्याने स्वतः निवडलं होतं, हे विसरता कामा नये.

नैराश्याच्या उपचारांत संगीताचा उपयोग होतो का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये घेतला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचारांची जोड दिली तर निदान थोड्या काळासाठी जास्त फरक पडतो, असं त्यात दिसलं. मात्र संगीतोपचार म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीसोबत ठरवून केलेलं काम. घरी बसून गाणी ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे. "अमुक राग ऐका, तमुक आजार बरा" अशा व्हॉट्सॲपवरच्या याद्यांचा तर या दोन्हींशी काही संबंध नाही.

अंध व्यक्तींना संगीताची उपजत देणगी असते का?

हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली आणि पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. रवींद्र जैन जन्मांध होते. अशी नावं सगळ्यांना माहीत असतात, म्हणून साठाव्या वर्षी नजर गेलेल्या माणसालाही "आता तुमचे कान तीक्ष्ण झाले असतील" असं ऐकून घ्यावं लागतं.

संशोधन वेगळं सांगतं. २००४ सालच्या एका अभ्यासात स्वरांच्या उंचीतले बारीक फरक ओळखायला दिले होते. अगदी लहानपणी दृष्टी गेलेल्यांनी इतरांपेक्षा सरस कामगिरी केली. मोठेपणी दृष्टी गेलेले मात्र डोळसांपेक्षा वरचढ ठरले नाहीत. उलट उतारवयात नजरेबरोबर कानही थकत असतात. अशा माणसाने तबला किंवा पेटी शिकावी, नक्की शिकावी. पण ती त्याची हौस असावी, लोकांनी लादलेली अपेक्षा नव्हे.

मोठ्याने लावलेलं गाणं त्रासदायक का ठरतं?

डोळस माणसाच्या सहसा लक्षात न येणारी बाब ही आहे. ज्याला दिसत नाही, तो घर कानांनी पाहतो. दार वाजलं, कोण आलं, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, मूल कोणत्या खोलीत आहे, पंखा कुठे फिरतोय, हे सगळं त्याला आवाजावरून कळतं. अशा खोलीत कुणी स्पीकर मोठा केला, तर त्याच्यासाठी तो दिवा मालवल्यासारखा असतो. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं तरी पत्ता लागत नाही, आणि अचानक खांद्यावर हात पडला की दचकायला होतं. "आजोबांसाठीच तर लावलंय" असं म्हणत दिवसभर चालू ठेवलेला आवाज आजोबांना घरातून बाहेर काढत असतो.

आवाज बेताचा ठेवावा आणि तो एकाच ठरलेल्या कोपऱ्यातून यावा. म्हणजे तो खोलीत दिशा ओळखण्यासाठी खुणेसारखाही उपयोगी पडतो. दोन्ही कानांत इअरफोन घालून रस्त्यावर चालणं डोळस माणसालाही धोक्याचं आहे. पांढरी काठी वापरणाऱ्याला तर गाड्यांचा आवाज हाच रस्ता दाखवतो. कान उघडे ठेवून गालाच्या हाडातून आवाज पोहोचवणारे हेडफोन मिळतात, पण गर्दीच्या रस्त्यावर तेही बंद ठेवलेले बरे. घरात ऐकतानाही प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानला जातो. त्याहून मोठा आवाज असेल, तर हे तास झपाट्याने कमी होतात.

गाणं कोणी निवडायचं?

नजर गेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी घरचे बहुतेक वेळा भजनं लावतात. आवडत असतील तर उत्तमच. पण आयुष्यभर किशोरकुमार ऐकलेल्या माणसाच्या वाट्याला केवळ नजर गेली म्हणून सकाळ-संध्याकाळ भक्तिगीतं का यावीत? जेवण, कपडे, बाहेर जाण्याची वेळ, असं सगळं दुसरे ठरवू लागलेले असताना निदान पुढचं गाणं तरी आपण ठरवावं, याचं मोल मोठं असतं.

त्यासाठी साधनं हाताशी हवीत. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर ही पडदा वाचून दाखवणारी सोय असते. बोलून आज्ञा दिली तरी गाणं लागतं. ज्यांना टचस्क्रीन झेपत नाही, त्यांच्यासाठी खऱ्याखुऱ्या बटणांचा रेडिओ आजही सर्वांत सोपा. चालू-बंदच्या बटणावर एम-सीलचा छोटा उंचवटा केला की बोटाला ते लगेच सापडतं. शिकायला दोन-चार आठवडे लागतील, चुकून भलत्याला फोनही लागतील. तेवढा धीर घरच्यांनी धरावा आणि हातातून फोन काढून घेऊन स्वतः गाणं लावून देण्याचा मोह टाळावा.

उदास गाणी ऐकावीत का?

दुःखी गाणं ऐकून मोकळं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण ज्यांना त्याच त्या विचारांत अडकून राहण्याची सवय असते, त्यांना अशी गाणी आणखी खोल नेऊ शकतात. याची चाचणी सोपी आहे. गाणं संपल्यावर थोडं हलकं वाटतंय की जड? सलग काही दिवस जडच वाटत असेल, तर यादी बदलावी.

झोपेसाठी संगीत उपयोगी आहे का?

निद्रानाश असलेल्या प्रौढांना रोज झोपताना संगीत ऐकल्याने झोप सुधारल्याचं जाणवतं, असं वेगवेगळ्या चाचण्यांमध्ये दिसलं आहे. पण ज्यांना उजेडही कळत नाही, त्यांच्यापैकी अनेकांना निराळाच त्रास असतो. शरीराचं घड्याळ रोज उजेडाने जुळवलं जातं. ते जुळलं नाही, तर झोपेची वेळ दिवसागणिक पुढे सरकत जाते. गाण्यांनी हे बरं होत नाही, त्यासाठी डॉक्टरांकडे जायला हवं. ठरलेल्या वेळी लागणारा रेडिओचा कार्यक्रम मात्र दिवसाला आकार देतो. विविध भारतीच्या रात्रीच्या 'छायागीत'वरून झोपायची वेळ ओळखणारी घरं आपल्याकडे कमी नव्हती.

एकट्याने ऐकावं की सगळ्यांत?

दोन्ही. भजनी मंडळाची रचना या बाबतीत फार सोयीची आहे. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. पुस्तक समोर नसलं तरी अडत नाही आणि हातात टाळ असला की माणूस श्रोत्याचा सहभागी होतो. हरिपाठ पाठ असलेल्या आजीला तिथे कुणाच्या मदतीची गरज नसते. कित्येकदा इतरच तिच्यामागून म्हणत असतात. धार्मिक ओढा नसेल तर जुन्या गाण्यांचे कट्टे आहेत, सुगम संगीताचे वर्ग आहेत. फक्त नेण्या-आणण्याची सोय पक्की हवी. बहुतेकांचं जाणं तिथेच थांबतं.

गाणी कुठे पुरी पडत नाहीत?

नजर कमी झालेल्या काही जणांना नसलेल्या गोष्टी दिसतात: माणसं, नक्षी, पक्षी, इमारती. शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत याचं वर्णन केलं आणि या अवस्थेला त्याचंच नाव मिळालं. हे वेडाचं लक्षण नाही, पण "मला वेड लागलं म्हणतील" या भीतीने लोक ते लपवतात आणि आतल्या आत कुढतात. नेत्रतज्ज्ञांना हे मोकळेपणाने सांगावं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, भूक-झोप उडाली असेल किंवा आवडतं गाणंही नकोसं झालं असेल, तर तपासणी करून घ्यायला हवी. जगणं नको असे विचार येत असतील, तर वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास सुरू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं आणि फोन लावायला पडदा पाहावा लागत नाही. साध्या कीपॅडवर ५च्या बटणावर बोटाला जाणवणारा ठिपका असतो. ४ त्याच्या डावीकडे, ६ उजवीकडे आणि १ हा ४च्या बरोबर वर.