ताम्रनाण्यांवरील कळंक

शेतांत सांपडलेलें तांब्याचें नाणें हातीं येतांच तें चिंचेनें घांसण्याचा परिपाठ आपल्या संग्राहकांत फार रूढ आहे. आम्हींहि उमेदीच्या काळांत एका शिवराईवर हा प्रयोग केला. नाणें लखलखलें, पण 'श्री राजा शिव' या तीन ओळींपैकीं शेवटची पुसून गेली. तेथें 'शिव' होतें कीं 'सिव', हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. आणि शिवराई नाण्यांचे प्रकार लावतांना अशाच पाठभेदांचा आधार घ्यावा लागतो. पोथीचें पान धुवून स्वच्छ करावें, तसेंच तें झालें!

कारण असें कीं, मातींत शतकानुशतकें पडलेल्या तांब्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदां कळंकाच्या थरांतच उरलेला असतो, व चिंचेचें आम्ल तो थर विरघळवितें. घट्ट, गुळगुळीत, गर्द हिरवा वा तपकिरी कळंक नाण्याचें रक्षणच करितो; त्यास हात लावूं नये. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पुटकुळी मात्र निराळी. ती क्लोराइड क्षारांमुळें उठते व दमट हवेंत नाणें पोखरीत जाते. असें नाणें इतरांपासून वेगळें, कोरडें ठेवून संग्रहालयांतील रसायनज्ञास दाखवावें. सातवाहनांचीं शिशाचीं नाणीं तर याहूनहि नाजूक. लांकडी पेटींतील आम्लयुक्त वाफेनेंहि त्यांवर पांढरी भुकटी धरते.

हल्लींचें धातुशोधक यंत्र धातु दाखवितें, काळ सांगत नाहीं. सबब स्थळ, खोली व सोबतच्या वस्तू जागेवरच टिपाव्या. आणि ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असल्यास सन १८७८ च्या कायद्यान्वयें कलेक्टरास कळवावें. आमच्या टिपणवहींत त्या शिवराईपुढें पाठाची जागा अद्याप कोरी आहे.