मेनफ्रेम, टर्मिनल आणि साठवण : उपकरण-चालकांच्या रचनेचा इतिहास आणि मुंबई परिसर

प्रस्तावना

भारतातील संगणकाचा इतिहास बहुधा मध्यवर्ती यंत्रांच्या नावांनी सांगितला जातो. कोणते यंत्र कोणत्या वर्षी कोणत्या संस्थेत बसविले गेले, त्याची स्मृती किती होती, याची नोंद आढळते. त्या यंत्राला जोडलेली टर्मिनले, चुंबकीय तबकड्या आणि मुद्रणयंत्रे मात्र या इतिहासात क्वचितच दिसतात. वस्तुतः संगणकाचा माणसाशी आणि माहितीशी संबंध येतो तो या उपकरणांमार्फतच. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, या उपकरणांची भाषा शिकविणारा कार्यक्रम म्हणजे उपकरण-चालक, प्रचलित शब्दात 'ड्रायव्हर'. कोणती उपकरणे कोणत्या क्रमांकावर आहेत आणि त्यांपैकी कोणती वापरावयाची, हे कर्नलला सांगण्याच्या क्रियेस संरूपण किंवा 'कॉन्फिगरेशन' म्हणतात. टर्मिनल व साठवण या दोन उपकरणांच्या संदर्भात या क्रियेचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. उपकरणे काळाच्या ओघात नाहीशी होतात, परंतु त्यांच्याशी बोलण्याची रीत लिखित व खुली असेल तर ती टिकते, असे या इतिहासावरून दिसून येते.

मुंबईतील आरंभ

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या फेराइट स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. कागदी फितीवरून माहिती आत घेणे आणि टेलिप्रिंटरवर ती बाहेर काढणे ही कामे कार्यक्रमातील आज्ञांनी थेट होत. कार्यक्रम आणि उपकरण यांच्यामध्ये आजच्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. ज्याने कार्यक्रम लिहिला, त्यालाच उपकरणाच्या लहरी सांभाळाव्या लागत.

याच संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्याच्या जोडीला १६०-ए हा लहान संगणक होता. महागड्या मुख्य प्रक्रियकाने संथ छिद्रपत्रांची वाट पाहात थांबू नये, यासाठी उपकरणांचे काम दुय्यम यंत्राकडे सोपविण्याची ही पद्धत त्या काळात रूढ होत होती. देशाच्या निरनिराळ्या भागांतील संशोधकांनी या यंत्राचा उपयोग केला. 'उपकरण सांभाळणे हे मुख्य गणनेपेक्षा वेगळे काम आहे' हा विचार अशा रीतीने मुंबईतच प्रत्यक्षात आलेला दिसतो.

चॅनलची संकल्पना

याच विचाराला आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या सिस्टीम ३६० मालिकेत काटेकोर रूप दिले. प्रक्रियक आणि उपकरण यांच्यामध्ये 'चॅनल' नावाचा स्वतंत्र घटक ठेवण्यात आला. प्रक्रियक फक्त आठ बाइटांच्या आज्ञांची एक साखळी स्मृतीत मांडून 'सुरू करा' एवढेच सांगे. वाचणे, लिहिणे, तबकडीवरील जागा शोधणे ही कामे चॅनल स्वतः करी आणि काम पूर्ण झाल्यावर प्रक्रियकाला खंड-संकेत पाठवी. या रचनेचे नियम 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन' या पुस्तिकेत प्रसिद्ध केलेले होते, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

नियम लिखित असल्यामुळे इतरांनाही सुसंगत यंत्रे तयार करता आली. सिस्टीम ३६० च्या आज्ञासंचाशी सुसंगत अशी 'ईसी' मालिका सोव्हिएत संघ व त्याच्या मित्रराष्ट्रांनी उभी केली. त्या मालिकेतील ईसी-१०३० हे यंत्र १९७० च्या दशकात पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आले. १९५८ मध्ये सोव्हिएत साहाय्याने स्थापन झालेल्या या संस्थेत अमेरिकन रचनेची सोव्हिएत आवृत्ती काम करीत होती, ही त्या काळातील राजकारणाची आणि तंत्रज्ञानाची मोठी बोलकी गुंतागुंत आहे.

उपकरणांची ओळख करून देण्याचे काम मात्र तेव्हा अत्यंत जड होते. ओएस ३६० या प्रणालीत नवी तबकडी किंवा टर्मिनल कायमचे जोडावयाचे तर त्याचे वर्णन छिद्रपत्रांवर लिहून 'सिस्टीम जनरेशन' करावे लागे, म्हणजे प्रणाली नव्याने घडवावी लागे. या कामात अनेक तास जात आणि एखाद्या क्रमांकाची चूक झाली तर सारा उपद्व्याप पुन्हा करावा लागे.

१९७८ : कंपनी गेली, यंत्रे राहिली

परकीय चलन नियमन कायदा, १९७३ नुसार परदेशी कंपन्यांनी आपले भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावे, असे बंधन आले. ते न स्वीकारता आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवहार गुंडाळला. भाड्याने दिलेली यंत्रे देशातच राहिली आणि त्यांच्या देखभालीची जबाबदारी सरकारी मालकीच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सीएमसीकडे आली. तबकडी बिघडली, टर्मिनल प्रतिसाद देईना, तर निर्मात्याकडे धाव घेण्याची सोय आता नव्हती. संवादाची रीत कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न त्यामुळे केवळ सैद्धांतिक राहिला नाही. लिखित नियमावली आणि अनुभवी हात हीच त्या काळातील खरी संपत्ती होती.

याउलट दिशेचा निर्णय पुढे आयबीएमनेच घेतला. १९८३ मध्ये कंपनीने आपल्या प्रणालींचा मूळ स्रोत देणे हळूहळू बंद करून केवळ यंत्रसंकेत देण्याचे धोरण जाहीर केले. तोपर्यंत अनेक ग्राहक स्रोत वाचून प्रणालीत आवश्यक ते फेरफार करीत असत. तो मार्ग अरुंद होत गेला.

लिनक्स आणि खुले चालक

मेनफ्रेमवर लिनक्स नेण्याचा पहिला प्रयत्न १९९८ मध्ये लिनास व्हेप्स्टास यांच्या पुढाकाराने 'बिगफूट' या नावाने सुरू झाला. डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने जर्मनीतील बोब्लिंगेन प्रयोगशाळेत तयार झालेले स्वतःचे कर्नल-बदल मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. त्यातील साठवणीचा चालक स्रोतासह खुला होता, परंतु जाळ्याशी जोडणाऱ्या काही कार्डांचे चालक आरंभी केवळ यंत्रसंकेताच्या रूपात दिले गेले. त्यामुळे कर्नल बदलला की जुना चालक निरुपयोगी होई आणि कंपनीने नवा देईपर्यंत थांबावे लागे. पुढे हे चालकही खुले झाले. खुलेपणाचा प्रश्न व्यवहारात किती जिव्हाळ्याचा असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

साठवणीच्या बाबतीत दोन भिन्न परंपरा समोरासमोर आल्या. मेनफ्रेमच्या तबकडीवर हव्या त्या लांबीच्या नोंदी ठेवता येतात, तर युनिक्स परंपरेला समान आकाराचे ठोकळे लागतात. ३३९० जातीच्या तिसऱ्या प्रतिमानात ३३३९ सिलिंडर, प्रत्येकात १५ पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यावर ५६,६६४ बाइट, म्हणजे सुमारे २८४ कोटी बाइट मावतात. लिनक्ससाठी ती ४०९६ बाइटांच्या ठोकळ्यांत आखली असता प्रत्येक पट्ट्यावर १२ ठोकळे बसतात आणि सुमारे २४६ कोटी बाइटच हाती येतात. दोन परंपरांमधील भाषांतराची ही किंमत म्हणता येईल.

टर्मिनलची कथा याहून वेगळी आहे. १९७१ मध्ये आलेल्या ३२७० मालिकेतील प्रचलित पडद्यावर २४ ओळी आणि ८० स्तंभ, म्हणजे १९२० अक्षरे दिसत. रेल्वे आरक्षणाचा अर्ज बाजूला उभे राहून पूर्ण भरावा आणि मगच खिडकीत द्यावा, तसे हे टर्मिनल काम करी. वापरणारा पडद्यावरील रकाने भरी आणि एंटर कळ दाबल्यावरच मजकूर संगणकाकडे जाई. युनिक्सला मात्र प्रत्येक अक्षर त्या क्षणी हवे असते. शिवाय मेनफ्रेमची अक्षरसंकेतावली एब्सिडिक आणि लिनक्सची आस्की. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारा लिनक्सचा आरंभीचा ३२७० चालक २००० च्या सुमारास यूटीएस ग्लोबल या कंपनीतील रिचर्ड हिट यांनी लिहिला. अमडाल कंपनीच्या यूटीएस या मेनफ्रेमवरील युनिक्सचा वारसा याच कंपनीकडे होता.

संरूपणाची क्रिया

लिनक्समध्ये हे संरूपण तीन पातळ्यांवर होते. पहिली पातळी कर्नल बांधण्याची. चालक कर्नलमध्येच गुंफावा की गरजेनुसार चढविता येणारा सुटा भाग म्हणून ठेवावा, हे येथे ठरते. मूळ फाइलप्रणाली ज्या तबकडीवर आहे तिचा चालक त्याच तबकडीवर ठेवला, तर किल्ली कुलूपबंद पेटीतच राहिल्यासारखे होते आणि यंत्र सुरूच होत नाही. म्हणून असा चालक कर्नलमध्ये किंवा आरंभीच्या स्मृतिचित्रात असावा लागतो. दुसरी पातळी आरंभीच्या सूचनांची. 'डॅसडी' या सूचनेने तबकड्यांचे क्रमांक आणि 'कॉनमोड' या सूचनेने नियंत्रण-टर्मिनलचा प्रकार सांगितला जातो. मेनफ्रेमच्या एका विभागाला हजारो उपकरणे दिसू शकतात. त्यामुळे कोणती पाहू नयेत हे सांगणारी स्वतंत्र सूचनाही आहे. तिसरी पातळी चालू यंत्राची. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून उपकरणाचा क्रमांक देऊन ते यंत्र न थांबविता सुरू किंवा बंद करता येते. मात्र असा बदल यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही टिकावा, यासाठी तो कायमस्वरूपी नोंदविणे आवश्यक असते.

निष्कर्ष

३३९० ही भौतिक तबकडी आज कुणी तयार करीत नाही. आधुनिक साठवण-यंत्रणा तिचे सोंग घेतात आणि चालक त्या सोंगाशीच बोलतो. ३२७० टर्मिनलाची जागाही साध्या संगणकावरील अनुकारी कार्यक्रमांनी घेतली आहे. उपकरणे गेली, संवादाचे नियम राहिले. आणि ते लिखित असल्यामुळेच राहिले.

मेनफ्रेम विकत घेणे डोंबिवली, कल्याण किंवा ठाण्यातील महाविद्यालयांच्या आवाक्यातले नाही. परंतु रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला 'हर्क्युलिस' हा खुला अनुकारी कार्यक्रम साध्या संगणकावर चालतो. तो चॅनल, ३३९० तबकडी आणि ३२७० टर्मिनल यांची नक्कल करतो आणि त्यावर लिनक्स बसविता येते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यासक्रमात केवळ आकृतीवरून शिकविले जाणारे चॅनलचे प्रकरण विद्यार्थ्यांना त्यामुळे प्रत्यक्ष करून पाहता येईल.

दुसरे कर्तव्य इतिहासाचे आहे. मुंबईच्या कार्यालयांतील यंत्रकक्षांत काम करणाऱ्यांचे ज्ञान पुस्तिकांमध्ये पूर्णपणे उतरलेले नाही. कोणत्या क्रमांकावर कोणती तबकडी होती, सिस्टीम जनरेशनच्या रात्री काय चुकले आणि ते कसे सावरले, हे पाळीच्या वह्यांत आणि माणसांच्या आठवणीत आहे. लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदारांच्या या उपनगरांत त्या पिढीतील माणसे शोधून त्यांच्या मुलाखती नोंदविणे हे इतिहास आणि संगणकशास्त्र या दोन विभागांनी मिळून हाती घेण्याजोगे काम आहे. लिहून ठेवलेली रीत यंत्रानंतरही उरते, हे मेनफ्रेमच्या चालकांनी सिद्ध केले आहे. न लिहिलेली रीत मात्र माणसाबरोबरच जाते.