जुनी सायकल, नवी सायकल आणि मधला रस्ता

बोळिंजहून आगाशीमार्गे अर्नाळ्याकडे जाणारा रस्ता सपाट आहे. त्याला घाट नाही; समुद्राकडून येणारा वारा हाच काय तो आमचा घाट. या रस्त्यावर गेल्या हिवाळ्यात आम्ही लागोपाठच्या दोन सकाळी दोन निरनिराळ्या सायकली चालवून पाहिल्या. पहिली आमची स्वतःची, काळ्या रंगाची, दांडीच्या ब्रेकची, तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवरील सभांना आम्हांला वाहून नेणारी. दुसरी गावातील एका तरुणाची, वाकड्या हँडलची, कार्बनच्या सांगाड्याची. ती हाती देताना तो एवढेच म्हणाला, "काका, जरा वाकून चालवा, मग बघा." या दोन सकाळींच्या अनुभवामागचा इतिहास सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जुन्या सायकलीचे कुळ पाहू. 1885 साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरी जॉन केंप स्टार्ली याने सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. तत्पूर्वीच्या उंच चाकाच्या सायकलीवरून पडणे म्हणजे डोके फोडून घेणे होते. म्हणून या नव्या यंत्राला 'सुरक्षित सायकल' म्हणू लागले. 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला, आणि हाडे खिळखिळी करणारे वाहन माणसाला सोसवू लागले. आमची काळी सायकल ही याच घराण्यातली. खडीच्या, खाचखळग्यांच्या रस्त्यांसाठी ती घडविली गेली, म्हणून तिची चाके मोठी, टायर जाड, चिमटा पुढे कललेला आणि दोन चाकांतील अंतर लांब. खड्डा आला तर ती हादरा आपल्या अंगावर घेते, स्वाराच्या कंबरेपर्यंत थोडाच पोहोचू देते. तिच्यावर माणूस ताठ बसतो. सारा भार स्प्रिंगच्या सीटवर असतो, हात मोकळे असतात, आणि समोरून येणाऱ्याला रामराम करता येतो.

नव्या सायकलीवर रामराम करणे अवघड आहे. तिथे भार सीट, पायडल आणि हात यांच्यात वाटला जातो, आणि नजर रस्त्यावर खिळून राहते. पण ती पळते. वजनात पाहिले, तर आमची सायकल कॅरिअर आणि घोड्यासह वीस किलोच्या आसपास, आणि त्या तरुणाची आठ किलोची. शर्यतीच्या सायकलीचे वजन 6.8 किलोपेक्षा कमी असू नये, असा नियमच आंतरराष्ट्रीय संघटनेला करावा लागला, इतकी ही विद्या पुढे गेली आहे. तेवढेच श्रम करून आम्ही जुनीवर ताशी 16 किलोमीटर गेलो, आणि नवीवर 22. सपाट रस्त्यावर हा फरक वजनामुळे फारसा पडत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ताशी 20 किलोमीटरच्या पुढे निम्म्याहून अधिक ताकद वारा बाजूला सारण्यात खर्ची पडते. ताठ बसलेला माणूस म्हणजे उभारलेले शीड; वाकला की शीड उतरले. वजनाचा हिशेब चुकवावा लागतो तो चढावर.

चढावरचा दुसरा हिशेब दात्यांचा. आमच्या सायकलीच्या पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18. पायडलचा एक फेरा म्हणजे सुमारे साडेपाच मीटर रस्ता. चढ असो वा उतार, हाच दर. त्या तरुणाच्या सायकलीवर एका फेऱ्याला दोन मीटरपासून साडेनऊ मीटरांपर्यंत हवा तो दर निवडता येतो. आमच्या भाषेत सांगावयाचे, तर जुनी सायकल ठरीव मजुरीवर राबविते आणि नवी काम पाहून दर लावते.

टायरची गोष्ट मात्र मोठी मौजेची आहे. टायर जितका अरुंद आणि हवा जितकी टणक, तितका वेग अधिक, असे शर्यतवाले अनेक दशके मानीत आले. त्यांचे टायर 20 ते 23 मिलिमीटर रुंदीचे असत. पुढे मोजमापांती दिसून आले, की खडबडीत रस्त्यावर फार टणक टायर उसळतो, आणि त्या उसळण्यात स्वाराची ताकद वाया जाते. आज शर्यतीतील सायकलींना 28 मिलिमीटरचे, कधी त्याहूनही रुंद टायर लावतात आणि हवा पूर्वीपेक्षा कमी भरतात. आमच्या काळ्या सायकलीचे टायर 40 मिलिमीटरचे आहेत. म्हणजे शास्त्र पुढे जाता जाता दूधवाल्याच्या सायकलीच्या दिशेने काही पावले परत आले. ब्रेकच्या बाबतीत मात्र जुनीची बाजू आम्ही घेणार नाही. पावसात भिजलेल्या लोखंडी रिमवर दांडीचा ब्रेक लावणे म्हणजे देवाचे नाव घेणे होय. नवा डिस्क ब्रेक पावसातही आपले काम करतो.

आता ज्या हातांनी या सायकली घडविल्या, त्यांच्याकडे वळू. मुंबईत वरळीला 1939 साली हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर 1949 साली मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, 1951 साली सोनीपतला ॲटलास, 1956 साली लुधियान्याला हीरो असे कारखाने उभे राहिले आणि परदेशी सायकलीची गरज सरली. पुढे हिंद सायकल्स डबघाईस आली. 1980 साली संसदेने कायदा करून ती आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. तरीही वरळीचा कारखाना तगला नाही. 3 जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी 2018 साली जागतिक सायकल दिन म्हणून ठरविला. 2020 साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलासच्या साहिबाबाद येथील कारखान्यातील कामगारांना फाटकावर काम थांबल्याची सूचना वाचावी लागली. त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत, टाळेबंदीच्या काळात, या देशातील कितीतरी मजूर शेकडो मैलांवरच्या आपल्या गावी गेले ते सायकलीवरून. ती सायकल आठ किलोची नव्हती.

आमच्या भागात सायकल आली ती पोटासाठी. भल्या पहाटे दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, फुलांच्या पुड्या, केळ्यांचे लोंगर कॅरिअरला बांधून माणसे विरार स्टेशन गाठीत आणि गाडीने मुंबईला जात. तो भार नव्या सायकलीवर बांधता येणार नाही; तिला कॅरिअरच नाही. जुनीचा चिमटा वाकला तर गावचा मिस्त्री तो ठोकून सरळ करतो, आरे ताणून चाकाचा आउट काढतो. कार्बनला तडा गेला, तर तो पुष्कळदा वरून दिसतही नाही. म्हणून कोणती चांगली, या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की आधी स्वाराच्या पाठीशी काय बांधले आहे ते पाहावे.

आणि तरीही या दोघांत वैर नाही, हे आम्हांला विशेष सांगावयाचे आहे. इंग्लंडात 1894 साली बर्मिंगहॅमच्या समाजवादी तरुणांनी 'क्लॅरियन' सायकल क्लब काढला; ते रविवारी फिरावयास जात आणि गावोगाव पत्रके वाटीत. जर्मनीत 1896 साली कामगार सायकलस्वारांचा 'सॉलिडॅरिटी' या अर्थाच्या नावाचा संघ निघाला. मौजेची सायकल आणि मजुराची सायकल तेव्हा एकच होती. चांगल्या रस्त्यांची मागणी मोटारवाल्यांच्या आधी इंग्लंड-अमेरिकेतील सायकलवाल्यांनी केली, हाही इतिहासच आहे.

आज आमच्या रस्त्यावर पहाटे सहाला हेल्मेट घातलेला तरुण जातो आणि त्याच सुमारास रखवालीची रात्रपाळी संपवून एक माणूस काळ्या सायकलीने घरी येतो. दोघेही टँकरला भिऊन रस्त्याची कड धरतात, दोघेही त्याच खड्ड्याला चुकवितात. परंतु एकमेकांकडे पाहत नाहीत. 2011च्या जनगणनेत देशातील सुमारे 45 टक्के घरांत सायकल होती, आणि शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलीने जात होते. एवढा समुदाय संघटित असता, तर स्टेशनापर्यंत सायकलीची वेगळी पट्टी आणि स्टेशनाशी राखणीचा सायकलतळ मागून मिळविणे अशक्य नव्हते.

दुसऱ्या सकाळी सायकल परत करताना आम्ही त्या तरुणाला आमची काळी सायकल आगाशीपर्यंत चालवावयास दिली. परत आला तेव्हा तो घामाघूम झाला होता. म्हणाला, "काका, हिच्यावर रोज कामावर जायचं म्हणजे कमाल आहे." आम्ही म्हटले, "मग पुढच्या रविवारी तुझ्या मित्रांना घेऊन ये. रात्रपाळीवाल्यांना आम्ही आणतो."