अहवाल कोण तपासतो? १९७९ चे सामाजिक लेखापरीक्षण आणि आजचे शाश्वतता अहवाल

१/ कंपनीचा ताळेबंद लेखापरीक्षक तपासतो. पण तिने नदीशी, कामगारांशी आणि शेजारच्या गावांशी कसा व्यवहार केला, हे कोण तपासणार? १९७९ मध्ये एका भारतीय कंपनीने हा प्रश्न स्वतःलाच विचारला. त्याविषयीचा हा #थ्रेड.

२/ ती कंपनी म्हणजे जमशेदपूरची टिस्को, आजची टाटा स्टील, अध्यक्ष जे. आर. डी. टाटा. ग्राहक, कामगार, भागधारक, समाज आणि स्थानिक जनता यांच्याविषयीच्या सामाजिक व नैतिक जबाबदाऱ्या कंपनीने १९७० मध्येच आपल्या नियमावलीत नोंदवल्या होत्या.

३/ त्या पाळल्या गेल्या का, हे पाहण्यासाठी संचालक मंडळाने समिती नेमली. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एस. पी. कोतवाल, सदस्य राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी आणि अहमदाबादच्या मराठी घराण्यातील प्रा. पु. ग. मावळंकर. आणीबाणीत लोकसभेत विरोध नोंदवणारे खासदार ते हेच.

४/ या निवडीतच प्रसंगाचे मर्म आहे. तपासणारे व्यवस्थापनाचे नोकर नव्हते आणि तपासाला लेखी कसोटी होती. मर्यादाही उघड होती. हे सारे ऐच्छिक होते आणि परीक्षक कंपनीनेच निवडले होते. इतर कंपन्यांवर असे कोणतेही बंधन नव्हते.

५/ बंधन आले ते सावकाश. सेबीने २०१२ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व अहवाल सक्तीचा केला. २०२२-२३ पासून पहिल्या १,००० कंपन्यांना ‘बीआरएसआर’ लागू झाला. धोरणाला संचालक मंडळाची मान्यता आहे का, जबाबदार अधिकारी कोण, हे त्यात विचारले जाते. निवडक आकड्यांच्या त्रयस्थ पडताळणीची तरतूद २०२३ मध्ये आली.

६/ मग मंडळावर स्वतंत्र संचालक बसवले की अहवाल खरा ठरतो का? हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या मंडळावर नामवंत स्वतंत्र संचालक होते. २००८ मध्ये तिला सुशासनाचा पुरस्कारही मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच हिशेबातील खोटेपणाची कबुली दिली. पैशाचा हिशेब इतका फसवा असू शकतो, तर धूर आणि सांडपाण्याचा किती असेल? केवळ नावांनी अंकुश बसत नाही. प्रश्न विचारण्याची मुभा आणि इच्छाही लागते.

७/ सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या आमच्या जळकोटसारख्या गावांना शेअर बाजारापेक्षा साखर कारखाना जवळचा. सहकारी कारखाने सूचीबद्ध नसल्याने सेबीच्या या चौकटीबाहेर आहेत. मात्र वार्षिक सभा तिथेही भरते, छापील अहवालही मिळतो. विषय वाचताच ‘मंजूर, मंजूर’ असा गजर झाला, तर मळीच्या पाण्याचा प्रश्न अहवालात येणार कुठून?

८/ म्हणून कोणताही शाश्वतता अहवाल हाती आला, की छायाचित्रांआधी तीन गोष्टी शोधाव्यात: माहिती कोणी दिली, कोणी तपासली आणि तपासणाऱ्याला कोणी नेमले. १९७९ च्या प्रयोगाचे बळही याच तीन प्रश्नांत होते आणि उणीवही.