पाच म्हणजे नक्की काय? एका एरर कोडचा इतिहास

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी माझा डेटाबेस उघडेना. स्क्रीनवर एवढंच: फाइल उघडता आली नाही, ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५. पुढे अर्थ छापलेला नव्हता. मी पहिल्यापासून लिनक्सवर काम केलेली. तिथे ५ म्हणजे इनपुट-आउटपुटची चूक, सरळ सांगायचं तर बहुतेक वेळा डिस्कचं दुखणं. पोटात गोळाच आला. दीड वर्षाच्या नोंदी त्या एका फाइलमध्ये होत्या. दोन दिवस डिस्क तपासण्यात आणि नवी डिस्क आणण्यात गेले. जुनी डिस्क ठणठणीत निघाली. मशीन विंडोजचं होतं, आणि विंडोजमध्ये ५ म्हणजे ‘परवानगी नाही’.

आकडा बरोबर होता, मी तो चुकीच्या भाषेत वाचला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुना कागद मिळाला की तो आधी विचारतो: हा कुणी लिहिला, कुठे, कधी? एरर कोडलाही हेच विचारावं लागतं. कारण दोन्ही ५ वेगवेगळ्या घरांत जन्मले आहेत.

पहिलं घर युनिक्सचं. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते उभं केलं. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेत फाइल उघडण्याच्या आज्ञेखाली अपयशाची कारणं शब्दांत दिलेली आहेत, पण प्रोग्रामला कळतं ते एकच: एक बिट चालू झाला, म्हणजे काम फसलं. का फसलं, ते नाही. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत मात्र क्रमांकांची यादीच आहे. २ म्हणजे अशी फाइल नाही, ५ म्हणजे इनपुट-आउटपुटची चूक, १३ म्हणजे परवानगी नाही. त्याच यादीत २५ चा अर्थ ‘हा टाइपरायटर नाही’ असा दिलाय. यादी कोणत्या काळातली आहे, हे त्या एका ओळीवरून कळतं.

दुसरं घर डॉसचं. १९८१ च्या पहिल्या एमएस-डॉसमध्येही फाइल उघडली की शून्य, नाही उघडली की एकच ठरलेला आकडा. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीने फोल्डर आणले, फाइल हाताळण्याची पद्धत युनिक्सच्या वळणाची केली आणि क्रमांकही दिले. पण क्रमांक स्वतःचे! २ म्हणजे फाइल सापडली नाही, ३ म्हणजे मार्ग सापडला नाही, ४ म्हणजे फार फाइली उघड्या आहेत, ५ म्हणजे परवानगी नाही. यातला २ दोन्हीकडे जवळपास एकच अर्थ सांगतो. माणूस फसतो तो इथेच. एक आकडा जुळला की बाकीचेही जुळतील असं आपण धरून चालतो.

१९९३ मध्ये विंडोज एनटी आलं. त्याच्या गाभ्याने अगदी वेगळे, ३२ बिटांचे कोड वापरले. पण वरच्या प्रोग्रामांना जुनेच आकडे हवे होते, म्हणून मध्ये भाषांतर करणारं एक फंक्शन आहे. त्याच्या नावात आजही ‘टू डॉस एरर’ असे शब्द आहेत. या भाषांतरात माहिती गळते. फाइल पुसली जाण्याच्या वाटेवर असली तरी वर ५ येतो, फाइलऐवजी चुकून फोल्डर उघडायला गेलात तरीही ५ येतो. म्हणजे ५ दिसला की परवानगीच नाही, असंही ठामपणे म्हणता येत नाही.

बरं, युनिक्सच्या घरात तरी एकमत आहे का? तेही नाही. १९८८ च्या पोझिक्स प्रमाणाने एररची नावं ठरवली, क्रमांक नाही. याचा नमुना मायएसक्यूएलच्या लॉगमध्ये दिसतो. डेटाबेस चालू असताना त्याच फाइलींवर दुसऱ्यांदा सुरू केला, तर लिनक्सवर ‘फाइलला कुलूप लावता आलं नाही, एरर ११’ असं येतं. मॅकवर त्याच प्रसंगाला ३५ येतो. गंमत म्हणजे मॅकवरचा ११ आणि लिनक्सवरचा ३५, दोन्हींचा अर्थ ‘डेडलॉक टाळला’ असा आहे. आकड्यांची सरळ अदलाबदल झालेली आहे. मायएसक्यूएलसोबत क्रमांकाचा अर्थ सांगणारं पी-एरर नावाचं साधन मिळतं, पण ते ज्या मशीनवर चालवाल त्या मशीनचा अर्थ सांगतं. लिनक्सचा लॉग मॅकवर आणून अर्थ काढलात, तर उत्तर आत्मविश्वासाने चुकीचं येईल. पोस्टग्रेस आकड्याऐवजी त्याच मशीनवर काढलेला अर्थ शब्दांत छापतं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हे जास्त सुरक्षित.

आता माझ्या ५ कडे परत येते. ती फाइल मी स्वतः डबल-क्लिक करून पाहू शकत होते, मग परवानगी नाही कशी? कारण फाइल मी उघडत नव्हतेच. डेटाबेसची सर्व्हिस तिच्या वेगळ्या खात्यावर चालते, आणि मी फाइल ठेवली होती माझ्या खात्याच्या फोल्डरमध्ये. त्या खात्याला तिथे प्रवेश नव्हता. परवानगी दिली, पाच मिनिटांत डेटाबेस उघडला.

तेव्हापासून लॉगमध्ये आकडा दिसला की मी वहीत तीन गोष्टी लिहिते: कोणत्या सिस्टिमचा आकडा, कोणतं खातं फाइल मागत होतं, आणि हा आकडा मूळचा की मधल्या कुणी भाषांतर केलेला. तुम्ही संशोधनाला बसाल तेव्हा सर्वेक्षणातला कोड, जनगणनेतला वर्ग, दप्तरातला शेरा असं काहीतरी तुमच्याही समोर येईल. अर्थ लावण्याआधी तो कुठल्या यादीतला आहे ते शोधा. माझे दोन दिवस आणि एका डिस्कचे पैसे यातच गेले. नशीब, घाबरून जुनी डिस्क फॉरमॅट केली नाही.