लंडनचें धुकें आणि मृत्यूची नोंद

लंडन शहराचा आणि धुक्याचा संबंध इतका जुना कीं, तेथील नागरिक धुकें हा सृष्टिक्रमच मानीत. त्यांत निसर्गाचा वाटा किती आणि माणसाच्या चुलीचा किती, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनीं विचारला. १६६१ सालीं जॉन इव्हेलिन यानें दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध पुस्तिका लिहून ती दुसऱ्या चार्ल्स राजास अर्पण केली. पुढच्याच वर्षीं जॉन ग्राँट या व्यापाऱ्यानें शहरांतील मृत्यूंच्या याद्या तपासल्या, आणि लंडनचें हवापाणी प्रकृतीस मानवत नाहीं याच्या कारणांत धुराचा समावेश केला. धुराविरुद्धची फिर्याद आणि पुरावा गोळा करण्याची रीत अशीं दोन्ही एकाच सुमारास जन्मास आलीं. निकाल लागण्यास मात्र जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं.

मध्यंतरीं इशारे मिळाले नाहींत असें नाहीं. १९३० च्या डिसेंबरांत बेल्जममधील म्यूझ नदीच्या दरींत धुकें कोंडलें आणि कारखान्यांच्या धुरानें साठांवर माणसें मेलीं. त्या दुर्घटनेचा अभ्यास करणारे डॉ. फिर्के यांनीं हिशेब मांडला कीं, लंडनवर असा प्रसंग आल्यास सुमारें ३,२०० माणसें दगावतील. हा हिशेब कागदावरच राहिला.

१९५२ च्या डिसेंबराच्या ५ तारखेस तो प्रसंग आला. थंडी कडक होती आणि वारा पडला होता. वरच्या उबदार हवेच्या थरानें खालच्या गार हवेवर जणूं झांकण घातलें. महायुद्धानंतरच्या ओढगस्तीमुळें चांगला कोळसा परदेशीं विकला जाई आणि घरोघर हलका कोळसा जळे. त्याचा धूर वर जाण्यास वाट उरली नाहीं. त्यांतील गंधकाच्या वायूचें धुक्याच्या थेंबांत तेजाब बनलें. बसगाड्यांपुढें दिवा घेऊन माणसें चालूं लागलीं. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहांत रंगभूमि दिसेना म्हणून संगीतिकेचा प्रयोग थांबवावा लागला. अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनास आणलेलीं कांहीं गुरें मेलीं. त्यांची बातमी प्रथम झाली, माणसांची मागाहून!

९ तारखेस वारा सुटला व आकाश निवळलें. आपण एका महासंहारांतून गेलों, याची शहरास जाणीवच नव्हती. शवपेट्या आणि फुलें यांचा तुटवडा पडला तेव्हां लोक चपापले. पण खरी उकल केली ती मृत्युनोंदणीच्या आंकड्यांनीं. नेहमींच्या मानानें सुमारें ४,००० मृत्यू अधिक झाले होते. त्यांत वृद्ध, तान्हीं मुलें आणि छातीच्या विकारानें आधींच जर्जर झालेले लोक यांचा भरणा मोठा होता. त्यांच्या दाखल्यांवर श्वासनलिकेचा दाह, न्यूमोनिया, हृदयविकार असें लिहिलेलें होतें. धूर हें कारण कोठेंच नव्हतें.

पुढील तीन महिनेहि मृत्यूचें प्रमाण चढेंच राहिलें. सरकारी अहवालानें त्याचा दोष इन्फ्लुएन्झाच्या सांथीवर टाकला. सुमारें अर्ध्या शतकानंतर संशोधकांनीं तेच आंकडे पुन्हा तपासले, तेव्हां सांथीनें एवढ्या मृत्यूंचा उलगडा होत नाहीं असें दिसून आलें, आणि एकूण बळींचा अंदाज १२,००० च्या घरांत गेला.

सरकारनें आरंभीं टाळाटाळ केली. तथापि सर ह्यू बीव्हर यांच्या समितीच्या अहवालानंतर १९५६ मध्यें स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्यानें ठराविक विभागांत धूर करणें गुन्हा ठरविला आणि घरांतील जुन्या शेगड्या बदलण्यास अर्थसाहाय्य दिलें. १९६२ च्या डिसेंबरांत पुन्हा तसेंच धुकें दाटलें. त्यानें बळी घेतले, परंतु त्यांची संख्या पूर्वीच्या मानानें पुष्कळच कमी होती.

तरवारीचा घाव दिसतो, सांथीचें नांव दाखल्यावर लिहिलें जातें. धूर मात्र दुसऱ्या रोगाच्या नांवाआड लपून मारतो. त्यास ओळखण्यास एकेका मृत्यूकडे पाहून भागत नाहीं. साऱ्या शहराचे मृत्यू मोजून पाहावे लागतात. लंडनमध्यें तें नोंदणीपुस्तक शतकानुशतकें लिहिलें जात होतें. तें नीट वाचून त्यावरून कायदा करण्यास मात्र हजारों माणसांचे प्राण खर्ची पडावे लागले.